शिंगाडा : तळ्यातला आणि डब्यातला



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या कशेळ्याच्या बाजूला भातकापणी उरकून झोडणी चालू होती. संध्याकाळी अंगाला चिकटलेली कुसळे झटकत मी ओट्यावर बसले होते. तेवढ्यात माझी भाची आली. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा रिकामा पत्र्याचा डबा, आणि ओढणीच्या टोकाला बांधलेले सात-आठ ओले शिंगाडे. डोळे रडून लाल झालेले.

ही पोर एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. मुंबईकरांची अशी फार्महाऊस आता आपल्या कर्जत तालुक्यात जागोजागी झाली आहेत. बौद्धवाडीतल्या, आदिवासी वाडीतल्या लेकी-सुनांना तिथे झाडलोटीचे, भांड्यांचे, एखादीला स्वयंपाकाचे काम मिळते. भाचीच्या हाताला चव आहे म्हणून तिला चुलीपर्यंत जाऊ दिले, एवढेही आपल्या लोकांच्या बाबतीत काही वर्षांपूर्वी झाले नसते. असो.

झाले असे, की शनिवारी पाहुणे यायचे होते. मालकीणबाईंनी चायनीज पद्धतीची एक भाजी सांगितली. तीत पांढऱ्या गोल चकत्या पडतात, त्या डब्यातून येतात. डबे होते दोन. एक उघडला, तो अर्ध्याच पातेल्याला पुरला. दुसरा बघितला तर त्याचे झाकण वर फुगलेले. पोरीने तो टाकून दिला. मग तिने डब्यावरचे नाव फोनमध्ये बघितले. ‘वॉटर चेस्टनट’ म्हणजे मराठीत शिंगाडा, असे फोनने सांगितले. तिने नेरळहून शिंगाडे मागवले, कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, सोलून चकत्या केल्या आणि भाजीत घातल्या. पाहुण्यांनी विचारले, यात बटाटे का घातले? भाजी पानातच राहिली. बाईंनी चार माणसांत सुनावले आणि त्या दिवसाचे पैसे कापले.

“आत्या, फोनमधी शिंगाडाच लिवलंय. मग माझं चुकलं कुठं गं?”

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. शिंगाडा मला ठाऊक होता, डबा ठाऊक नव्हता. पण प्रश्न पोरीच्या मजुरीचा होता आणि चार माणसांत गेलेल्या मानाचाही होता. म्हणून मी चौकशी केली, शाळेतल्या शिक्षकांना विचारले, पुस्तके चाळली आणि शेवटी दोन तवे मांडून स्वतः करून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते आज सांगते.

पहिली गोष्ट ही, की पोरीचे चुकले नव्हते. नावाने घात केला होता. इंग्रजीत ‘वॉटर चेस्टनट’ हे एकच नाव दोन निरनिराळ्या वनस्पतींना दिले गेले आहे. आपला शिंगाडा हे फळ आहे. त्याचा वेल तळ्यात वाढतो, मुळे चिखलात, पाने पाण्यावर फुलासारखी पसरलेली, पानांचे देठ हवा भरल्यासारखे फुगीर. पांढरे फूल येऊन गेले की फळ पाण्याखाली धरते. त्याला दोन शिंगे असतात, म्हणून संस्कृतात शृंगाटक आणि आपल्याकडे शिंगाडा. (बंगाली माणूस समोशालाही शिंगाडाच म्हणतो. तीन टोके बघून नाव पडले असावे.) डब्यातला जो असतो तो फळ नाहीच. तो कंद आहे. लव्हाळे, नागरमोथा यांच्या कुळातले एक पोकळ नळीसारखे गवत चीनकडे भातखाचरासारख्या पाणथळ शेतात लावतात आणि पाणी काढून चिखलातून त्याचे कंद उकरतात. वरून तपकिरी, आतून पांढरेशुभ्र. सोलून पाण्यात घालून डब्यात भरले, की झाले ते ‘वॉटर चेस्टनट’. दोन्ही पाण्यातले आणि दोन्हींचा गर पांढरा, म्हणून इंग्रजाने दोघांना एका नावात बसवले. आमच्याकडे रताळे आणि बटाटा यांना कोणी एकच नाव दिले असते तर अशीच फजिती झाली असती.

आता तव्यावर काय दिसले ते ऐका. दोन्हीच्या सारख्या चकत्या केल्या, थोड्या तेलात लसूण घालून दोन तव्यांवर सारखाच वेळ परतल्या. डब्यातल्या चकत्या पाच मिनिटांनी कचकचीत, दहा मिनिटांनीही कचकचीत. पाणी घालून आणखी दहा मिनिटे उकळल्या तरी दाताखाली तसाच आवाज. त्या कंदाच्या पेशींच्या भिंती शिजल्यावरही एकमेकींना सोडत नाहीत, म्हणून डबा भरताना एवढी उष्णता सोसूनही तो मऊ पडत नाही. चायनीज भाजीत त्याला घालतात ते या कचकचीतपणासाठी. चवीला तो तसा पाणचटच, किंचित गोड.

ओल्या शिंगाड्याचे उलटे. जून शिंगाडा शिजला की फणसाच्या आठळीसारखा होतो, पिठूळ, भरीव, गोडसर. आठळी ज्याने खाल्ली आहे त्याला वेगळे सांगायला नको. तो मसाला ओढून घेतो, रस्सा दाट करतो, पोटाला आधार देतो. कुकरच्या तीन शिट्ट्या दिल्यावर तो कचकचीत राहावा ही अपेक्षाच चुकीची. पाहुण्यांना बटाटा वाटला यात नवल नाही. भाजी वाईट झालेली नव्हती, ती दुसरीच भाजी झाली होती.

हे सगळे चालू असताना माझ्या सासूबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या आसपास आहे. छप्पन साली धम्मदीक्षा झाली तेव्हा त्या लहान होत्या, पण वडिलांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले ते त्यांना आठवते. त्या दिवसापासून त्यांच्या माहेरी संकष्टी नाही, एकादशी नाही, शिवरात्र नाही. उपासच नाही तर उपासाचे जिन्नसही नाहीत. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ, काही घरात येत नसे. सासरी आल्यावरही त्यांनी तोच नेम चालवला. ओट्यावर शिंगाडे बघून त्या म्हणाल्या, “आपुन उपास सोडलं ना? मंग हे बामणाच्या फराळाचं घरात कशाला?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या कित्येक घरांत जुन्या बायांनी असाच नेम पाळला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, जुने सोडायचे तर पुरते सोडायचे या निष्ठेने पाळला. त्या निष्ठेपुढे मी मान वाकवते. तरीपण मी त्यांना म्हटले, “आई, शिंगाड्याला उपासाचा कोणी केला? तो तर तळ्यात वाढतो. धान्य नाही म्हणून त्यांनी त्याला फराळाच्या यादीत घातला. त्यांच्या यादीत गेला म्हणून आपण तो टाकायचा, तर मग शेंगदाणा आणि बटाटाही टाकायला हवा. तेही त्या यादीत आहेत.” शेंगदाण्याचे नाव काढल्यावर त्या गप्प झाल्या. चटणीशिवाय त्यांचे पान हलत नाही.

आणि आपल्या धम्मात उपोसथ आहे, तो या उपासाहून निराळा. पौर्णिमेला उपासक-उपासिका अष्टशील घेतात, त्यातले एक शील विकालभोजनाचे आहे. दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवायचे नाही. तिथे वेळेची मर्यादा आहे. अमुक पदार्थ पवित्र, तमुक खाल्ला तर मोडला, अशी फराळाची यादी त्यात नाही. बारापूर्वी भाकरी खा, भात खा, उकडलेले शिंगाडे खा, शिलाला काही होत नाही. ओल्या शिंगाड्याचा हंगामही बघा. आषाढी पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ येतो, त्याच सुमाराला हिरवे-लाल शिंगाडे बाजारात दिसू लागतात आणि डिसेंबरपर्यंत मिळतात. नवरात्रात त्याच्या पिठाचे भाव वाढतात तेव्हा ओला शिंगाडा टोपलीत पडलेला असतो, आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही.

आपल्या महाराष्ट्रात शिंगाड्याचे खरे घर विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या तलावांत. तिकडे गावोगाव माजी मालगुजारी तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात बांधलेले, कोहळी समाजाच्या कष्टाने उभे राहिलेले. नवेगावबांधचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्या तलावांत मासे धरायचे आणि शिंगाडा लावायचा हा ढिवर समाजाचा पिढीजात धंदा. पावसाळ्याच्या तोंडाला वेल पाण्यात लावायचे आणि थंडी पडू लागली की पाण्यात उतरून एकेक वेल उलटा करून फळे तोडायची. शिंगे काट्यासारखी बोटात घुसतात. हात तासन्‌तास पाण्यात राहून पांढरे पडतात. आपण टोपलीपाशी उभ्या राहून दोन रुपयांची घासाघीस करतो तेव्हा हे डोळ्यांपुढे येत नाही. नाशिक शहरात एका भागाला आजही शिंगाडा तलाव म्हणतात. नाव राहिले आहे.

तळ्याची गोष्ट निघाली की आपल्या माणसाचे मन महाडला गेल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले ते महाड आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हा त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. पुढे दहा वर्षे कोर्टात झगडून १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो झगडा ओंजळभर पाण्याचा आणि माणूसपणाचा होता. पण ज्याला तळ्याचे पाणी शिवायची बंदी, त्याला त्या तळ्यातला मासा, कमळकाकडी, शिंगाडा तरी कोण काढू देणार? आपल्या आज्यांच्या हाताखालच्या भाज्यांत रानातले पुष्कळ आणि तळ्यातले थोडे, याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते. विदर्भातही आज गाठ तीच आहे. तलावाचा ठेका ढिवरांच्या सोसायटीकडे असला तर शिंगाड्याचा पैसा त्यांच्या घरी जातो. ठेकेदार बाहेरचा असला तर त्याच पाण्यात ते मजूर म्हणून उतरतात.

काहींनी विचारले की आपल्याकडे शेततळ्यात शिंगाडा लावता येईल का. ज्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरला आहे त्यात जमणार नाही, कारण वेलाला चिखल लागतो. जिथे वर्षभर पाणी थांबते आणि तळाशी गाळ आहे अशा गावतळ्यात होऊ शकेल. पण आपल्या भागात पावसाळ्यात धो धो पाणी आणि होळीनंतर ठणठणाट, तेव्हा आधी पाणी टिकते का ते बघावे.

आता एक काळजीची गोष्ट, आणि ही नीट वाचा. ओला शिंगाडा दाताने सोलून कच्चा खाण्याची मुलांना फार हौस असते. तसे करू देऊ नका. ज्या तळ्यात डुकरे लोळतात किंवा माणसांची घाण जाते, त्या पाण्यातल्या गोगलगायींतून एका जंताची पिल्ले बाहेर पडतात आणि शिंगाड्याच्या सालीला बारीक कवच करून चिकटून बसतात. साल दाताने सोलली की ती पोटात जातात आणि आतड्यात पानासारखा चपटा जंत वाढतो. पोट दुखते, जुलाब होतात, मूल खंगते. उत्तर प्रदेश, बिहार, आसाम या भागांत हा आजार आढळतो, महाराष्ट्रातही त्याच्या नोंदी झालेल्या आहेत. नुसत्या गार पाण्याने धुऊन तो जंत मरत नाही. उकळत्या पाण्यात मरतो. म्हणून कच्चा खायचा असला तरी आधी दोन मिनिटे खळखळत्या पाण्यात बुडवावा, मग विळीने सोलावा, सोललेला स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावा. आजार झालाच तर त्यावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात दाखवावे, अंगारे-धुपारे करत बसू नये. डब्यातल्या कंदाला ही भीती नाही, तो भरतानाच तापवलेला असतो. डब्याची ही बाजू मान्य करायला हवी.

ठाकूर-कातकरी बाया मृगाच्या आधी शेवळ विकायला आणतात, तेव्हा सोबत काकडा द्यायला विसरत नाहीत, कारण त्याशिवाय घसा खाजतो. रानातले कडू कंद त्या कितीदा पाणी बदलून उकडतात ते मी पाहिले आहे. जिन्नस खायचा तर त्याची खोड ठाऊक पाहिजे, हे त्यांना कोणी शाळेत शिकवले नाही. ओल्या शिंगाड्याची खोड ही सालीतली.

डब्याचेही सांगते, कारण आपल्या बऱ्याच मुली आता अशा स्वयंपाकघरांत काम करतात. फुगलेला, गंजलेला, शिवणीला चेपलेला डबा कितीही महाग असो, उघडू नये, चव घेऊन तर मुळीच बघू नये. बंद डब्यात बिघाड झाला तर त्याचे विष जीवघेणे असू शकते आणि त्याला नेहमी वास येतोच असे नाही. म्हणजे भाचीने दुसरा डबा टाकला ते शंभर टक्के बरोबर केले. खरे तर त्या कामाचे तिला पैसे वाढवून मिळायला हवे होते! दुसरे, डब्यावर दोन वजने छापलेली असतात. एक पाण्यासकट, दुसरे पाणी गाळल्यावरचे. भाव दुसऱ्या वजनावर काढावा. मोठ्या वजनाचा डबा बघून आपण फसतो आणि घरी येऊन बघतो तर निम्म्याच्या आसपास पाणी. तिसरे, डबा उघडल्यावर पाणी ओतून द्यावे, चकत्या धुवाव्यात आणि मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढाव्यात, म्हणजे पत्र्याचा वास जातो. उरलेले डब्यात ठेवू नये. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावे, पाणी रोज बदलावे, तीन-चार दिवसांत संपवावे.

पैशाचा हिशेब मांडला तर आपल्यासारख्या घराला डबा परवडण्याजोगा नाही आणि तशी गरजही नाही. ओला शिंगाडा सालीसह घेतो, सोलल्यावर बराच भार जातो, म्हणून किलोला अर्धा किलो गर धरून चालावे. तरी तो स्वस्त पडतो. पोषणाचे म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ओल्या शिंगाड्यात सुमारे ४.७ ग्रॅम प्रथिने आणि ११५ कॅलरी दिल्या आहेत. डब्यातल्या कंदात तेवढ्याच वजनाला प्रथिने जेमतेम १ ग्रॅम आणि कॅलरी ५० च्या आसपास. वाळवलेल्या शिंगाड्यात प्रथिने सुमारे १३ ग्रॅम, आणि ज्या साबुदाण्याचे एवढे कौतुक होते त्यात ०.२ ग्रॅम. कष्टाच्या माणसाने कोणते खावे हे या आकड्यांवरून कळते.

आता करायची रीत. विकत घेताना हाताला जड लागतील असे, कडक सालीचे घ्यावेत. पोपटी आणि कोवळे असतील तर गर दुधाळ निघतो, गडद लाल-काळसर असतील तर जून आणि पिठूळ. कोवळे परतायला, जून उकडायला आणि रश्श्याला. घरी आणल्यावर तीन-चार पाण्यांनी माती निघेपर्यंत धुवावेत. बाहेर ठेवले तर दोन दिवसांत सुकून आक्रसतात.

नुसते उकडायचे तर सालीसकट पातेल्यात, वर चार बोटे पाणी, मूठभर मीठ, आणि २० मिनिटे चांगली उकळी. जून असतील तर कुकरला ३ शिट्ट्या. गार झाले की शिंगे विळीवर उडवावीत आणि मधे चीर द्यावी, साल आपोआप सुटते. मुलांना शाळेतून आल्यावर वाटीभर द्यावेत. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा केव्हाही चांगले.

आमच्या घरी जो पसंत पडला तो सुकटीतला रस्सा. पाच माणसांना अर्धा किलो जून शिंगाडे उकडून, सोलून, मधे चिरून घ्यावेत. मूठभर सुकट डोकी-शेपट्या काढून, कोरडीच भाजून, पाण्यात धुऊन बाजूला ठेवावी. अर्धी वाटी सुके खोबरे आणि एक मोठा कांदा निखाऱ्यावर किंवा तव्यावर काळसर भाजून, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि आल्याच्या तुकड्याबरोबर बारीक वाटावे. तेलात दुसरा कांदा लाल करून त्यात हळद, दोन चमचे घरचा लाल मसाला आणि वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. मग सुकट, मग शिंगाडे, मग गरम पाणी. मीठ बेताने, सुकटीत आधीच असते. चार आमसुले टाकून मंद आचेवर १० मिनिटे ठेवावे. शिंगाडा रस्सा पितो, तेव्हा पाणी जरा सढळ हाताने घालावे. तांदळाच्या भाकरीबरोबर खावे. सुकट न खाणाऱ्यांनी रात्री भिजवून शिजवलेले काळे वाटाणे घालावेत, तेही छान लागतात. डब्यातला कंद या रश्श्यात घालून बघितला. तो रश्श्यात राहिला पण रश्श्याचा झाला नाही, मसाला बाहेर आणि तो आत कोराच.

राहिला प्रश्न भाचीच्या चायनीज भाजीचा. त्याला तोड निघाली. अगदी कोवळे, पोपटी शिंगाडे निवडायचे. सालीसकट दोन मिनिटे उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग सोलून, धुऊन चकत्या. त्या भाजीत अगदी शेवटी, आच बंद करायच्या आधी मिनिटभर घालायच्या. डब्याइतका नाही पण बराच कचकचीतपणा राहतो, आणि चव डब्याहून सरस. कुकरला दाखवायचे सुद्धा नाही. तिने पुढच्या खेपेला बाईंना आधी सांगून, विचारून तशी भाजी केली. पानात काही उरले नाही. कापलेले पैसे मात्र बाईंनी दिले नाहीत आणि तिने मागितले नाहीत. मी तिला म्हटले, मागायला हवे होतेस. ती म्हणाली, “काम जाईल आत्या.” यावर मी काय बोलणार? आमच्या महिला मंडळात हा विषय घेतला आहे. तिच्यासारख्या वाडीतल्या नऊ जणी अशा ठिकाणी कामाला जातात, त्यांची निदान हजेरीची आणि पैशांची एकेक वही असावी, असे ठरले आहे. वह्या आणल्या आहेत, लिहायला सुरुवात व्हायची आहे.

पिठाविषयी दोन शब्द. सुक्या शिंगाड्याचे पीठ घ्यायचे तर सणाच्या गर्दीत घेऊ नये, सुटे आणि जुने पीठ त्याच दिवसांत खपवतात. कुबट वास आला किंवा चव कडवट लागली तर फेकून द्यावे. त्यापेक्षा सुके शिंगाडे आणून, उन्हात तापवून, चक्कीवर दळलेले बरे. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पोळी लाटता येत नाही. तांदळाच्या पिठात चौथा हिस्सा मिसळून थापलेली भाकरी होते, पण पाणी कडकडीत गरम हवे.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी रस्सा वाटीत नुसता घेतला, शिंगाडा बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी उरलेला रस्सा मी गरम केला तेव्हा त्यांनी सुकटीबरोबर दोन तुकडे खाल्ले आणि “आठळीवानी लागतंय” एवढेच म्हणाल्या. परवा कशेळ्याच्या स्टँडवर शिंगाडेवाली दिसली तेव्हा त्यांनीच मला थांबवून अर्धा किलो घ्यायला लावले. पीठ मात्र अजून त्यांच्या डोळ्यांदेखत घरात येत नाही, आणि मीही आणत नाही.

खालापूरच्या एका भगिनीने सुकट पावसाळाभर कशी टिकवावी असे विचारले आहे. ते पुढच्या अंकात.